सिस्टरनी श्वास घ्यायचा कधी?

बारा मे हा फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा जन्मदिवस. तो जागतिक परिचारिका दिन म्हणून साजरा होतो आणि त्या आठवड्यात बऱ्याच रुग्णालयांत एक व्याख्यान हमखास ठेवलेले असते. विषय : ताणतणावाचे व्यवस्थापन. व्याख्याते बहुधा बाहेरून येतात. डोळे मिटा, पाठ ताठ ठेवा, दीर्घ श्वास घ्या, असे सांगतात. समोर बसलेल्यांपैकी कित्येक जणी रात्रपाळी करून, झोप मोडून आलेल्या असतात. डोळे मिटायला सांगितल्यावर त्यांतल्या एकदोघी खरोखरच झोपी जातात आणि व्याख्यात्यांना तो आपल्या तंत्राचा विजय वाटतो! मग शाल-श्रीफळ होते, चहा होतो आणि दुपारच्या पाळीच्या सिस्टर धावत वॉर्डात जातात. कारण त्या व्याख्यानाला बसल्या तेवढा वेळ सगळा वॉर्ड एकीच्याच गळ्यात होता.

या व्याख्यानांची थट्टा करावी म्हणून हे लिहीत नाही. त्यांत सांगतात ते खोटे नसते. प्रश्न एवढाच, की ते करायचे केव्हा, कुठे आणि कोणाच्या वेळात? उत्तरासाठी मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात जाण्यापेक्षा कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत जावे असे मला वाटते. ताण म्हणजे काय, तो कसा साठतो आणि कसा काढतात हे तिथे फार चांगले कळते. अर्थात, लोखंडातला.

पुणे-बंगळूर महामार्गावरून लक्ष्मी टेकडीपाशी आत वळले की ही वसाहत सुरू होते. कागल आणि हातकणंगले या दोन तालुक्यांत ती पसरली आहे. कसबा सांगाव, तळंदगे, हुपरी ही गावे आसपास. ‘पंचतारांकित’ या शब्दाने नवख्या माणसाला हॉटेल आठवते, पण तो सोयीसुविधांवरून दिलेला औद्योगिक वसाहतीचा दर्जा आहे. इथे कापड होते, इंजिने होतात, आणि कोल्हापूरची ओळख असलेले फौंड्रीचे कामही चालते.

फौंड्रीतल्या माणसाला विचारा. साच्यात ओतलेले बीड थंड होताना पातळ भाग आधी आकसतो, जाड भाग मागून. दोघे एकमेकांना ओढत राहतात आणि ती ओढ आत कोंडून राहते. वरून कास्टिंग अगदी धडधाकट दिसते. मशीनवर चढवून एक थर काढला, की ते वाकते, कधी तडकते. म्हणून नेमके माप लागणारी कास्टिंग पुन्हा भट्टीत घालतात, पाचशे ते सहाशे अंश सेल्सिअसपर्यंत सावकाश तापवतात, जाडीच्या हिशेबाने तास-दोन तास तशीच ठेवतात आणि मग भट्टीतच हळूहळू निवू देतात. घाईने बाहेर काढली तर ताण परत भरतो. पूर्वी तर भट्टीऐवजी कास्टिंग महिनोन्महिने उघड्यावर मुरत ठेवायची पद्धत होती. या कामाला ‘स्ट्रेस रिलीव्हिंग’ म्हणतात. त्यासाठी लागणारा वेळ, वीज आणि जागा यांचा खर्च मालाच्या किमतीत आधीच धरलेला असतो. ‘बिडाने स्वतःच जरा सकारात्मक विचार करावा’ असे कोणी म्हणत नाही.

माणसाच्या ताणाला आज आपण वापरतो तो शब्द याच विद्येतून आलेला आहे. हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने 1936 साली दाखवून दिले, की इजा कोणत्याही प्रकारची असो, शरीर तिला एका ठराविक पद्धतीने उत्तर देते; आणि हे उत्तर फार काळ देत राहावे लागले तर शरीर थकून कोसळते. पुढे त्यांनीच या अवस्थेसाठी अभियंत्यांचा ‘स्ट्रेस’ हा शब्द रूढ केला. शब्द तेवढा वैद्यकात आला. त्याबरोबरचा हिशेब मात्र कारखान्यातच राहिला.

आता याच कारखान्यातल्या सिस्टरकडे वळू. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या 45 व्या कलमाने पाचशेंहून अधिक कामगार असतील तिथे औषधोपचाराची स्वतंत्र खोली आणि तिच्यासाठी वैद्यकीय व परिचर्येची माणसे बंधनकारक केली. आता त्या कायद्याच्या जागी नवी संहिता आली आहे, पण खोली आहे तिथेच आहे. तिला वसाहतीत ‘ओएचसी’ म्हणतात. एक खाट, एक कपाट, ऑक्सिजनचा सिलिंडर, बाहेर उभी रुग्णवाहिका. डॉक्टर ठरलेल्या वेळी येऊन जातात. बाकीच्या वेळी, विशेषतः रात्री, तिथे एकच माणूस असते : सिस्टर, किंवा हल्ली बऱ्याच ठिकाणी ब्रदर.

बाहेरून पाहणाऱ्याला ही नोकरी आरामाची वाटते. वॉर्ड नाही, नातेवाइकांची गर्दी नाही. ‘ओ सिस्टर, डोळ्यात काय गेलंय बघा की’ म्हणत कोणी येतो, कोणाला डोकेदुखीची गोळी हवी असते, कोणाचे बोट कापलेले असते. पण या खोलीतला ताण गर्दीचा नाहीच, तो वाट पाहण्याचा आहे. तीन तास काही घडत नाही आणि मग प्रेसमध्ये हात सापडलेला माणूस चौघे उचलून आणतात. त्या क्षणी विचारायला कोणी वरिष्ठ नसतो, हाताखाली कोणी नसते. दहा मिनिटांत रुग्णवाहिका निघून जाते. खोलीत रक्ताने भिजलेला कापूस आणि ती, एवढेच उरते. पाळी संपायला अजून चार तास असतात आणि मघाचाच डोकेदुखीवाला दारात उभा असतो.

यात आणखी एक पेच आहे. त्याविषयी व्याख्यानांत कोणी बोलत नाही. जखमी कामगार अठ्ठेचाळीस तास कामावर येऊ शकला नाही तर तो अपघात सरकारी निरीक्षकाला कळवावा लागेल, असे जुन्या कायद्याने ठरवले होते. त्यामुळे रजिस्टरात सिस्टर काय लिहिते याला मोल येते. ‘इतक्या दिवसांत एकही अपघात नाही’ असा फलक जिथे अभिमानाने लावतात, तिथे तो आकडा पुन्हा शून्यावर आणणे कोणाच्याच मनात नसते. तिचा पगार व्यवस्थापन देते आणि तिचा धर्म रोग्याकडे ओढतो. पातळ आणि जाड भागांची ओढाताण म्हणतात ती हीच. लांब श्वास घेऊन ती सुटत नाही. ‘नोंद खरीच लिहायची’ असा कारखान्याच्या साहेबांचा लेखी आदेश असेल तरच सुटते.

रुग्णालयातल्या सिस्टरची कथा वेगळी. तिथे माणसे आहेत, पण पुरेशी नाहीत. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन रोग्यांमागे एक आणि साध्या रुग्णालयात पाच रोग्यांमागे एक परिचारिका हवी. आपल्याकडच्या कोणत्याही सार्वजनिक रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात रात्री अकराला उभे राहून खाटा मोजाव्यात. जमिनीवरच्या गाद्याही मोजाव्यात.

असा ताण सोसताना माणूस कसा बदलतो याचा एक जुना अभ्यास आहे. इझाबेल मेन्झीज यांनी लंडनमधल्या एका रुग्णालयातल्या परिचारिकांवर केलेला, 1960 च्या सुमारास प्रसिद्ध झालेला. रोग्याचे नाव न घेता खाटेच्या नंबराने आणि आजाराने त्याचा उल्लेख करणे, प्रत्येक काम ठरलेल्या रीतीनेच करणे, कोणा एका रोग्याशी फार वेळ बोलू न देणे, ही नुसती शिस्त नव्हे. मरण आणि वेदना रोज पाहण्याच्या भीतीपासून बचाव करण्याची ती रुग्णालयाची पद्धत आहे, असे त्यांना दिसले. आणि गंमत अशी, की या पद्धतीने भीती कमी होत नव्हती. उलट सेवेतले समाधान तेवढे नाहीसे होत होते आणि शिकाऊ मुली शिक्षण अर्धवट टाकून निघून जात होत्या. आपण रुग्णालयातून घरी आल्यावर ‘सिस्टर फार तुसड्या होत्या’ म्हणतो, तेव्हा हा अभ्यास आठवावा. तुसडेपणाचे समर्थन मी करत नाही. तो आला कुठून, एवढे सांगतो आहे.

आता तंत्रांविषयी. त्यांची किंमत मी कमी लेखत नाही, कारण त्यांच्यामागे आपल्याच राज्यातले सज्जड काम आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी 1969 मध्ये शवासनाचा रक्तदाबावर होणारा परिणाम तपासून प्रसिद्ध केला. नियमित शवासनाने दाब उतरतो आणि काही रोग्यांचे औषध कमी करता येते असे त्यांना आढळले. तिकडे शिकागोच्या एडमंड जेकबसन यांनी 1920 च्या दशकातच स्नायू आवळून सोडण्याची पद्धत बसवली होती. विचार थांबवा म्हटले तर थांबत नाहीत, पण स्नायू सैल करा म्हटले तर करता येतात, आणि स्नायूंमागोमाग मनही सैलावते, हे त्यातले मर्म.

सिस्टरच्या पाळीत बसेल असे यातले काय? खुर्चीत टेकायला मिळाले तर दोन्ही मुठी पाच-सात सेकंद घट्ट आवळाव्यात आणि सोडून वीस-तीस सेकंद नुसते हातांकडे लक्ष ठेवावे. मग खांदे कानांपर्यंत उचलून सोडावेत. मग जबडा, दिवसभर दात दाबून काम केल्याचे तिथे कळते. शेवटी पोटऱ्या, कारण उभ्या कामाचा सगळा भार त्यांच्यावर असतो. पाच-सात मिनिटांचा खेळ. बसायलाही मिळाले नाही तर नुसता श्वास : घेताना चार मोजावेत, सोडताना सहा. सोडणे लांबले की हृदयाचे ठोके उतरतात, ही अंधश्रद्धा नव्हे, मज्जासंस्थेची रचनाच तशी आहे. रक्तदाब असेल तर श्वास कोंडून धरू नये. चक्कर आली तर थांबावे. इंजेक्शन भरण्याआधी, गंभीर रोग्याला हलवून झाल्यावर, ‘ओव्हर’ देण्याआधी, असे तीन-चार वेळा हे केले तर शिणाची बेरीज वाढत जात नाही. शवासन मात्र पाळीत करू नये, घरी करावे. डोळा लागला तर नोकरीवर बेतेल!

आणि ज्यांना आठवड्यामागून आठवडे झोप नाही, अन्नावर वासना नाही, कामावर निघताना रडू येते, त्यांनी श्वास मोजत बसू नये. तो ताण राहिलेला नसतो, आजार झालेला असतो. सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक त्यासाठीच आहे. दुसऱ्यांना डॉक्टरकडे ढकलणाऱ्या या बायका स्वतः मात्र जात नाहीत, असा अनुभव आहे.

मात्र पाच-सात मिनिटे बसायचे म्हटले तरी जागा लागते. केईएममधल्याच अरुणा शानबाग यांच्यावर 27 नोव्हेंबर 1973 रोजी हल्ला झाला तो ड्युटी संपवून तळघरात कपडे बदलत असताना. पुढची बेचाळीस वर्षे, 18 मे 2015 ला त्यांचे निधन होईपर्यंत, त्या वॉर्डातल्या परिचारिकांनी पिढ्यामागून पिढ्या त्यांना जपले. सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या निकालात त्याचा गौरव केला, तो यथार्थच. त्या सेवेविषयी आपण भरून बोलतो. परिचारिकेला कपडे बदलायला सुरक्षित, कडीची खोली असावी याविषयी इतके भरून बोलत नाही. अजूनही किती ठिकाणी चेंजिंग रूम म्हणजे चादरींच्या गठ्ठ्यांमागची जागा असते, हे कोणत्याही सिस्टरला विचारावे.

कागल परिसरात या सगळ्याला आणखी एक पदर आहे. नवरा वसाहतीत तीन पाळ्यांत आणि बायको कोल्हापूरच्या किंवा कागलच्या दवाखान्यात तीन पाळ्यांत, अशी घरे इथे आढळतात. त्याची थर्ड संपते तेव्हा तिची फर्स्ट सुरू होते. दोघांची भेट महामार्गाच्या सर्व्हिस रोडवर, मुलांचा डबा कोणी भरला एवढे विचारण्यापुरती. रात्रीच्या पाळीमुळे शरीराचे घड्याळ बिघडते आणि त्याचा संबंध कर्करोगापर्यंत असण्याचा संभव आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2007 मध्ये म्हटले आणि 2019 मध्ये पुन्हा म्हटले. अशा घरातल्या बाईला ‘सकाळी लवकर उठून ध्यान करा’ असे सांगणाऱ्याने आधी तिची सकाळ कधी होते ते विचारावे. रात्रपाळीनंतर तिला हवी असते अंधारी खोली, बंद फोन आणि पाच-सहा तास दारावरची बेल न वाजणे. हे तिला मिळवून देणे सासूबाईंच्या आणि नवऱ्याच्या हातात आहे.

कारखानदारांच्या आणि रुग्णालयांच्या हातात जे आहे त्याला फार खर्चही नाही. लागून असलेल्या चार कारखान्यांनी मिळून रात्रीसाठी एक फिरती दुसरी सिस्टर नेमली, तर अपघाताच्या वेळी एकटीवर पडणार नाही. गंभीर अपघात हाताळलेल्या सिस्टरला पुढचा अर्धा तास कोणीतरी बदली द्यावी. वॉर्डाच्या ड्युटी चार्टवर, जेवणाची सुट्टी लिहितात तशी, पंधरा मिनिटे नावानिशी लिहावीत आणि त्या वेळात कोण जबाबदार तेही लिहावे. लिहिले नाही तर ती मिनिटे मिळत नाहीत. चांगल्या स्वभावाच्या सिस्टरला तर मुळीच नाहीत. रात्रपाळीनंतर लगेच दुपारची पाळी लावू नये, आणि पाळ्यांचा तक्ता महिनाभर आधी हाती द्यावा, म्हणजे नवऱ्याच्या पाळ्यांशी तो जुळवता तरी येईल. कारखान्याच्या बसची वेळ ठरवताना ओएचसीतल्या सिस्टरची ‘ओव्हर’ किती वाजता संपते, तेही एकदा विचारावे. कामगारांना घेऊन बस वेळेवर निघते. नोंदी पूर्ण करणारी सिस्टर दहा मिनिटे मागे राहते आणि मग लक्ष्मी टेकडीपर्यंत, तिथून पुढे वडापची वाट बघत उभी राहते.