जुनी आग, नवी तबकडी

आमच्या घरी हल्ली परदेशातून चपटी पार्सलं येतात. त्यांत संकटं असतात. एकात बुडणारी बोट, एकात माणसं खाणारा मासा, एकात गाई उडवणारं वादळ. प्रत्येक संकट एकेका तबकडीवर, आणि तबकडी 'फोर-के'. म्हणजे चित्र इतकं स्वच्छ, की बुडणाऱ्या माणसाच्या कॉलरचा मळसुद्धा दिसावा. टपालखर्च आणि जकात धरून एका तबकडीची किंमत महिन्याच्या दुधाएवढी होते. हा हिशेब माझा नव्हे, आमच्या सौ.चा.

"अहो, हा 'जॉज' कितव्यांदा विकत घेताय?"

"चौथ्यांदा." आधी व्हिडिओ कॅसेट, मग सीडी, मग डीव्हीडी आणि आता ही.

"मासा तोच ना?"

मासा तोच, हे मला मान्य करावं लागलं. त्यावर चिरंजीवांनी फोनमधून मान वर न काढता निकाल दिला, "बाबा, हे सगळं मोबाइलवर मिळतं. आणि मुळात ही रद्दी आहे."

आता मी स्वभावानं गरीब माणूस आहे. भाजीत मीठ नसलं तरी बोलत नाही. पण या तिन्ही आरोपांना उत्तर दिल्याशिवाय मला जेवण जायचं नाही.

पहिला आरोप, मोबाइलवर मिळतं. मिळतं, पण केव्हा? वर्गणी भरून सिनेमे बघण्याचा प्रकार हा भाड्याच्या घरासारखा आहे. मालकाचा करार संपला की तुमचं बिऱ्हाड रस्त्यावर. मागच्या दिवाळीत पाहुण्यांना मोठ्या ऐटीत 'टायटॅनिक' दाखवायला बसलो, तर बोट हिमनगाच्या आधीच गायब! कुठं गेली विचारायला समोर माणूसही नाही. तबकडीचं तसं नसतं. ती कपाटात पडून राहते. फार तर धूळ खाते, पण करार मोडत नाही.

दुसरा आरोप, जुना सिनेमा कितीही धुतला तरी नवा कसा होणार? इथं लोकांचं अज्ञान बघून मला गहिवरून येतं. अहो, 'जॉज' १९७५ सालचा असला तरी तो पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर घेतलेला आहे. त्या फिल्ममध्ये बारकावे पहिल्यापासून होतेच. दरिद्री होते ते आपले टीव्ही. डीव्हीडीवरचं चित्र जेमतेम चार लाख ठिपक्यांचं, आणि या तबकडीवरचं सुमारे त्र्याऐंशी लाखांचं. वीसपट! म्हणजे इतकी वर्षं आपण पुरणपोळीचा वास घेऊन ढेकर देत होतो.

स्वच्छतेचे तोटेही आहेत, हे प्रामाणिकपणे सांगतो. 'अर्थक्वेक' (१९७४) या भूकंपपटात माणसांनी भरलेली लिफ्ट कोसळते आणि पडद्यावर रक्त उडतं. ते रक्त चक्क चित्रकारानं काढलेलं आहे. कॅसेटवर मी त्या रक्तानं हादरलो होतो. चित्र स्वच्छ झालं तेव्हा मला ब्रश दिसला. जुन्या काळी दोन-तीन दृश्यं एकत्र करायची तर फिल्मवरून फिल्म काढावी लागे, त्यामुळे ऐन संकटाच्या वेळीच चित्र धूसर होई. ती धूसर जागा आता बोट ठेवून दाखवता येते. चालायचंच. आजोबांचा फोटो मोठा करून आणला की देवीचे वणही मोठे होतात. म्हणून कुणी आजोबा बदलत नाही.

तिसरा आरोप, रद्दी. इथं मात्र मी बाह्या सरसावतो. या जुन्या संकटांचा पहिला तास नीट बघा. आग नंतर लागते, आधी कुणीतरी पैसे वाचवतो. 'द टॉवरिंग इन्फर्नो' (१९७४) मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतली एकशे अडतीस मजल्यांची इमारत का पेटते? मालक खर्च कमी करायला सांगतो आणि त्याचा जावई विजेच्या तारांत काटकसर करतो म्हणून. 'द पोसायडन अ‍ॅडव्हेंचर' (१९७२) मध्ये बोट वरून जड, तळाशी हलकी. कप्तान कळवळून सांगतो, तरी मालकांचा माणूस वेग वाढवायला लावतो. 'जॉज'मध्ये मासा खातो एकेकाला, पण ऐन सुटीत धंदा बुडू नये म्हणून किनारा उघडा ठेवतो तो गावचा महापौर. आणि 'टायटॅनिक' तर १९१२ साली खरंच घडलं. बावीसशेच्या आसपास माणसं आणि जीवनौकांत जागा ११७८. वर गंमत अशी, की त्या वेळच्या कायद्याला लागत होत्या त्याहून चार नौका जास्तच होत्या. कागद अगदी चोख होते. बुडाली ती माणसं.

नव्या संकटपटांत काय असतं? उल्का येते, सूर्य बिघडतो, पृथ्वीचं पोट तापतं. उल्केला जाब कोण विचारणार? गुन्हेगार नाही, म्हणून लाजही नाही. जग बुडतं आणि कुणाचीच सही सापडत नाही. (उडत्या गाईच्या 'ट्विस्टर'मध्येही दोषी कुणी नाही, कबूल. तो मी गाईसाठी घेतला.)

म्हणून मी म्हणतो, ही संकटं माणसानं स्वतःच्या पैशानं विकत घेऊन, स्वच्छ चित्रात, वरचेवर बघावीत. आमच्याच सोसायटीचं घ्या. जिन्यात दोन सायकली आणि एक मोडकं कपाट. आग विझवायची लाल नळकांडी भिंतीवर आहेत, पण त्यांच्या चिठ्ठीवरची तारीख वाचायला इतिहासकार बोलवावा लागेल. सभेत दर वर्षी विषय निघतो, 'पुढच्या वर्षी बघू' असं ठरतं आणि गेटला रंग दिला जातो.

तेव्हा मी समितीलाच घरी बोलावलं, बटाटेवड्यांचं आमिष दाखवून. कपाटातून 'इन्फर्नो'ची तबकडी काढली (ही अजून साधी ब्ल्यू-रेच आहे) आणि दिवे मालवले. शेवटी अग्निशमन दलाचा प्रमुख वास्तुशिल्पकाराला सुनावतो, की बांधण्याआधी आम्हाला विचारत जा. तिथं मी सेक्रेटरींकडे अर्थपूर्ण नजरेनं बघितलं. ते चटणी मागत होते.

सगळे गेल्यावर सौ. टीव्हीमागे वाकून काहीतरी बघू लागल्या.

"त्या जावयानं तार स्वस्तातली घेतली होती, नाही?"

"तेच तर मी सांगत होतो!"

"मग हे काय?"

टीव्ही, तबकडीचं यंत्र, अ‍ॅम्प्लिफायर आणि कोपऱ्यातला दिवा, सगळे मिळून एकाच एक्स्टेन्शन बोर्डात खोचलेले होते. तो बोर्ड मी फुटपाथवरून एकशेवीस रुपयांना घेतला होता. घासाघीस करून. हात लावला तर गरम लागला.

दुसऱ्या दिवशी चांगला बोर्ड आणला. पैसे पुढच्या तबकडीसाठी बाजूला ठेवलेल्यांतून गेले. सोसायटीची नळकांडी अजून तशीच आहेत. पण आता सभेत त्यांच्याबद्दल मी जरा जोरात बोलू शकतो.