व्यासपीठ, वाद आणि जल्प

'प्लॅटफॉर्म' या शब्दाचे मराठी करताना आपण सहजगत्या 'व्यासपीठ' म्हणून जातो आणि घोटाळ्यास तेथूनच आरंभ होतो. प्लॅटफॉर्म म्हणजे फळ्यांचा उंचवटा. त्यावर कोणीही चढावे. व्यासपीठ हे पुराण सांगणाऱ्याचे आसन. त्यावर बसलेल्यास मध्येच थांबवून कोणी प्रमाण मागत नाही. टोकाच्या राजकीय पक्षांना जाहीर चर्चेत व्यासपीठ द्यावे काय, हा प्रश्न त्यामुळे मराठीत उच्चारताच मानापमानाचा होऊन बसतो. ('जहाल' हा शब्द आम्ही मुद्दामच टाळला आहे. तो उच्चारला की टिळक आठवतात, आणि येथे ज्यांच्याविषयी बोलायचे आहे ते त्या पंगतीतले नव्हेत.)

ब्रिटनमध्ये हा झगडा जुना आहे. तेथील राष्ट्रीय विद्यार्थी संघटनेने १९७४ सालीच वंशद्वेषी संघटनांना व्यासपीठ नाकारण्याचा ठराव केला होता. पुढे जून २००९मध्ये ब्रिटिश नॅशनल पार्टीने युरोपीय संसदेच्या निवडणुकीत नऊ लाखांहून अधिक मते आणि दोन जागा मिळविल्या. ज्याचे सभासदत्व तेव्हा केवळ गोऱ्यांनाच खुले होते, असा हा पक्ष. त्याचे नेते निक ग्रिफिन यांना बीबीसीने 'क्वेश्चन टाइम' या चर्चेत पाचारण केले. बंदी घालायची तर ती सरकारने आणि संसदेने घालावी, ते प्रसारकाचे काम नव्हे, असे महासंचालक मार्क थॉम्पसन यांचे म्हणणे होते. ते आम्हांस मान्य आहे. सरकारने अशी बंदी एकदा घालूनही पाहिली होती. १९८८ ते १९९४ या काळात शिन फेनच्या नेत्यांचा आवाज प्रसारित करण्यास मनाई होती. परिणाम असा की, पडद्यावर गेरी अ‍ॅडम्स दिसत आणि त्यांचे शब्द भाड्याचा नट उच्चारी. नियम पाळला गेला आणि हसेही झाले.

म्हणून बोलवावे की न बोलवावे, एवढ्यावर आमचे समाधान होत नाही. आमच्या न्यायदर्शनाने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्वनिर्णयासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्षच न मांडता समोरच्याचे खंडन करीत राहणे ही वितंडा. २२ ऑक्टोबर २००९च्या त्या रात्री जे झाले तो शुद्ध जल्प होता. सुमारे ऐंशी लाख प्रेक्षकांसमोर ग्रिफिन यांची फजिती झाली, यात शंका नाही. परंतु बहुतेक वेळ त्यांच्या पक्षाविषयीच बोलण्यात गेला. देशभरातील टपाल कर्मचाऱ्यांचा संप त्याच दिवशी सुरू झाला होता. शाळा, कर, टपाल यांविषयी या पक्षाकडे सांगण्यासारखे काही आहे काय, हे मात्र कोणास कळले नाही. उलट स्थलांतराचा विषय निघाला तेव्हा तिन्ही मोठ्या पक्षांचे प्रतिनिधी धोरणाच्या अपयशाचा दोष एकमेकांच्या माथी मारू लागले. पाहुण्याची नाचक्की झाली, पण त्याचा विषय घराचा मालक झाला.

आणखी एक गोष्ट आमच्या मनातून जात नाही. ग्रिफिन यांच्या शेजारची खुर्ची नाटककार बॉनी ग्रिअर यांची होती. एका कृष्णवर्णीय लेखिकेने ज्याच्या पक्षात तिला प्रवेशही नाही अशा माणसाच्या मांडीला मांडी लावून बसायचे आणि आपल्या येथे असण्याविषयी चर्चा करायची, यास समतोल म्हणतात. या अनुभवावर त्यांनी पुढे ऑपेराची संहिता लिहिली. ती २०११ साली रंगमंचावर आली.

निवडून आलेल्या पक्षाचे म्हणणे ऐकविणे हे सार्वजनिक प्रसारकाचे कर्तव्य ठरू शकते. विद्यापीठातील वादसभेवर तसे कोणतेही बंधन नाही. तेथील निमंत्रण हा सन्मानच असतो. नोव्हेंबर २००७मध्ये ऑक्सफर्ड युनियनने याच ग्रिफिन यांना डेव्हिड आयर्विंग यांच्यासह बोलाविले. निदर्शक आत घुसले आणि सभा दोन खोल्यांत वाटून उरकावी लागली. ज्यूंचा संहार नाकारणारे हे आयर्विंग मोठे सूचक उदाहरण आहेत. अशा लोकांशी जाहीर चर्चा करणार नाही, असा डेबोरा लिपस्टाट यांचा नेम होता. आयर्विंग यांनी त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला, तेव्हा इतिहासकार रिचर्ड इव्हान्स यांनी आयर्विंग यांच्या ग्रंथांतील तळटिपा मूळ कागदपत्रांशी ताडून पाहिल्या. एप्रिल २०००मध्ये दावा आयर्विंग यांच्यावर उलटला. तेथे ऐंशी लाख प्रेक्षक नव्हते, टाळ्या नव्हत्या. विधानागणिक प्रमाण मात्र मागितले जात होते. साहित्याच्या वर्गात आपण पाठचिकित्सा शिकवितो ती याहून वेगळी कोठे असते? ज्या सभेत तळटीप तपासण्याची सोय नाही, तेथे असत्यास समान वेळ देणे म्हणजे त्यास अर्धी बाजू बहाल करणे होय. आमच्या वर्गात आम्ही या पक्षांची पत्रके अवश्य वाचावयास देऊ. त्यांच्या वक्त्यांस हार घालून खुर्ची देणार नाही.

मे २०१०च्या सार्वत्रिक निवडणुकीत ग्रिफिन पूर्व लंडनच्या बार्किंग मतदारसंघात उभे राहिले आणि तिसऱ्या क्रमांकावर गेले. स्थानिक परिषदेतील पक्षाच्या बाराही जागा त्याच दिवशी गेल्या. याचे श्रेय दूरचित्रवाणीवरील त्या रात्रीला देण्याचा मोह अनेकांना होतो. आम्हांस तो होत नाही. बार्किंगमध्ये मजूर पक्षाच्या मार्गारेट हॉज आणि वंशवादविरोधी कार्यकर्ते दारोदार हिंडत होते, आणि तेथील लोकांचे गाऱ्हाणे बव्हंशी परिषदेच्या घरांच्या टंचाईविषयी होते.