गोळी विषाणू थांबवते, कलंक कोण थांबवणार?

१ डिसेंबरला जागतिक एड्स दिन येतो. रॅली निघते, लाल फिती लावल्या जातात, घोषणा होतात आणि दुसऱ्या दिवशी विषय संपतो. वसईच्या होळी परिसरात आणि आजूबाजूच्या वस्त्यांत काम करताना आम्हाला एक गोष्ट सतत जाणवते. एचआयव्ही कशाने होतो हे तरुणांना तोंडपाठ आहे: असुरक्षित संबंध, दूषित सुई, रक्त, आईकडून बाळाला. पण उपचार घेतल्यावर पुढे काय होते, असे विचारले की सगळे गप्प होतात. आपली माहिती वीस वर्षांपूर्वीच्या पोस्टरवरच अडकली आहे.

त्या पोस्टरवर नसलेले वाक्य असे: नियमित औषध घेणाऱ्या ज्या व्यक्तीच्या रक्तात तपासणीला विषाणू सापडत नाही, तिच्याकडून लैंगिक संबंधातून जोडीदाराला एचआयव्ही होत नाही. जगभर हे 'यू इक्वल्स यू' म्हणून ओळखले जाते. सापडत नाही, म्हणजे पसरत नाही.

हा कुणी दिलासा म्हणून रचलेला शब्दखेळ नाही. एका जोडीदाराला एचआयव्ही आहे आणि दुसऱ्याला नाही, अशा १,७६३ जोडप्यांचा अभ्यास नऊ देशांत झाला. त्यात आपले पुणेही होते. २०११ मध्ये निष्कर्ष आला की लवकर उपचार सुरू केल्यास जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो. पुढे युरोपात ७८२ समलिंगी पुरुष जोडप्यांचा अभ्यास झाला. कंडोमविना हजारो वेळा संबंध येऊनही, उपचारावरील जोडीदाराकडून एकालाही संसर्ग झाला नाही. हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही हीच गोष्ट स्पष्ट शब्दांत मांडली.

यामागचे कारण साधे आहे. एचआयव्ही शरीराच्या प्रतिकारपेशींत शिरून स्वतःच्या प्रती काढतो. एआरटीची औषधे हे काम बंद पाडतात. रक्तातल्या प्रती, म्हणजे 'व्हायरल लोड', साधारण सहा महिन्यांत इतका खाली येतो की यंत्रालाही तो दिसत नाही. विषाणू शरीरात दडून राहतो, म्हणून गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. पण आता बहुतेकांसाठी ती दिवसाला एकच गोळी आहे आणि सरकारी एआरटी केंद्रात ती मोफत मिळते.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. हे वाक्य लैंगिक संबंधांपुरते आहे. सुई वाटून घेण्याला ते लागू नाही. गोळी इतर गुप्तरोगांपासून वाचवत नाही, त्यासाठी कंडोम लागतोच. गरोदर मातेला वेळेवर उपचार मिळाले तर बाळाला होणारा संसर्ग पाच टक्क्यांच्या खाली आणता येतो; उपचाराविना तो १५ ते ४५ टक्के असतो. आणि गोळ्या चुकू लागल्या की विषाणू परत वाढतो.

खरा प्रश्न इथेच आहे. गोळ्या का चुकतात? आळसामुळे क्वचितच. भाड्याच्या एका खोलीत पाच माणसे राहतात, तिथे बाटली ठेवायची कुठे? सासूने लेबल वाचले तर? घरमालकाला कळले तर? ओळखीचे कुणी भेटू नये म्हणून माणूस जवळचे केंद्र सोडून लोकलने दूरच्या केंद्रात जातो. त्यात दिवसाची मजुरी बुडते. एखादा महिना जाणे जमत नाही आणि औषध तुटते. मग कमी झालेला व्हायरल लोड पुन्हा चढतो. म्हणजे ज्या भीतीने समाज त्याला दूर ठेवतो, तीच भीती विषाणूला पुन्हा पसरण्याची संधी देते. कलंक आपले रक्षण करत नाही, तो संसर्गाला वाट करून देतो.

महाराष्ट्रात एचआयव्हीसह जगणाऱ्यांची संख्या देशात सर्वाधिक आहे. कलंकाविरुद्धची लढाईही इथे जुनी आहे. एका सार्वजनिक कंपनीने एका हंगामी कामगाराला फक्त एचआयव्हीमुळे काम नाकारले. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला: माणूस काम करण्यास सक्षम असेल आणि त्याच्यापासून इतरांना धोका नसेल, तर त्याला नोकरी नाकारणे हा संविधानाचा भंग आहे. तो कामगार जिंकला, पण निकालपत्रात त्याचे नाव नाही, फक्त 'एमएक्स' ही अक्षरे आहेत. न्याय मिळवायलाही त्याला नाव लपवावे लागले.

आज कायदा आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. नोकरी, शिक्षण, उपचार, भाड्याचे घर यांत भेदभाव करण्यास त्याने बंदी घातली. संमतीशिवाय चाचणी करणे किंवा कुणाची स्थिती उघड करणे बेकायदा ठरवले. पण औषध पुरवण्याची सरकारची जबाबदारी 'शक्य तितकी' या शब्दांनी सैल ठेवली. २०२२ मध्ये औषधटंचाईविरुद्ध रुग्णांना दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यालयात महिन्याहून अधिक काळ धरणे धरावे लागले. गोळीच मिळाली नाही तर सगळे विज्ञान कागदावर राहते. म्हणून पुरवठ्यावर लक्ष ठेवणे हेही चळवळीचे काम आहे.

कुणाच्या स्पर्शाला, भांड्याला, शेजाराला विटाळ मानणे म्हणजे काय, हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. तरीही आपल्याच वस्तीत एचआयव्ही असलेल्या बाईचा कप वेगळा ठेवला जातो, तेव्हा आपण नवी अस्पृश्यता पाळत असतो. 'केले तसे भोगले' असे म्हणणारेही भेटतात. आजचे दुःख म्हणजे मागच्या जन्मीचे पाप, ही कल्पना बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये नाकारली. आजाराला पापाची शिक्षा मानणे त्याच जातीचे आहे.

लैंगिक आरोग्यावर उघड बोलायला संकोच वाटत असेल, तर १९३४ आठवावे. 'समाजस्वास्थ्य' मासिकात लैंगिक प्रश्नांची उत्तरे दिली म्हणून र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. न्यायालयात त्यांची बाजू बाबासाहेबांनी मांडली. खटला हरला, दंड झाला, पण भूमिका आजही खरी आहे: माहिती अश्लील नसते.

म्हणून आमचे सांगणे थोडके आहे. होळीपासून सोपाऱ्याच्या स्तूपापर्यंत आपण जिथे जिथे जमतो, तिथे हे एक वाक्य बोलले जावे. विहारातल्या आरोग्य शिबिरात रक्तदाब आणि साखरेसोबत एचआयव्ही चाचणीचीही माहिती द्यावी; चाचणी मात्र स्वेच्छेनेच आणि गुप्ततेनेच व्हावी. शंका असेल त्याला १०९७ हा मोफत हेल्पलाइन क्रमांक द्यावा. कुणी विश्वासाने आपली स्थिती सांगितली तर ती आपल्याजवळच ठेवावी. आणि 'कुठून लागला?' हे विचारण्याऐवजी 'गोळ्या वेळेवर मिळतात ना?' एवढेच विचारावे.

जय भीम.