पोटात कापड ठेवून बाहेर आलेला सर्जन

"डॉक्टरांनी ऑपरेशन अर्धवट सोडलं. पोटात कापडं कोंबली, पोट शिवलंसुद्धा नाही. परवा परत उघडणार म्हणे! बिल वाढवायचे धंदे, दुसरं काय?"

अपघातग्रस्ताच्या नातेवाइकांच्या तोंडून आयसीयूच्या दाराशी हे मी अनेकदा ऐकले आहे. मी सर्जन नाही, फिजिशियन आहे. तरीही स्पष्ट सांगतो, हा आरोप साफ चुकीचा आहे. अशा रागाच्या भरात रुग्णाला गाडीत घालून दुसरीकडे हलवलेत, तर वाटेतच त्याचा जीव जाऊ शकतो.

यकृतातून (लिव्हरमधून) मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त वाहते. अंगातले एकूण रक्तच पाच लिटरच्या आसपास! यकृताच्या मागे, त्याला अगदी चिकटून, शरीराच्या खालच्या भागातले रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर असते. तिचे नाव इन्फिरिअर व्हेना कावा. तिची भिंत पातळ असते. शिरेचा रक्तस्राव धमनीपेक्षा सौम्य, हा समज इथे विसरा. चिळकांडी उडत नाही, पण काळपट रक्ताने पोट भरत जाते.

ग्लासगोचे सर्जन प्रिंगल यांनी १९०८ साली यकृताकडे येणाऱ्या रक्तवाहिन्या चिमटीत दाबून धरण्याची युक्ती सांगितली. ती आजही वापरतात. पण मागची शीर फाटली असेल तर ती पुरत नाही, कारण रक्त दुसऱ्याच बाजूने येत असते. जखम बघायला यकृत उचलावे, तर दाब सुटतो आणि धबधबा सुरू होतो. अशा वेळी यकृत जागच्या जागी दाबून भोवती निर्जंतुक कापडी पॅड घट्ट बसवणे हाच अनेकदा शहाणपणा असतो.

मग लगेच पुढची दुरुस्ती का नाही? कारण खूप रक्त गेलेला रुग्ण गार पडतो, रक्तात आम्ल वाढते आणि रक्त गोठेनासे होते. त्या अवस्थेत टाके घातले तरी सुईच्या प्रत्येक भोकातून रक्त झिरपते. म्हणून त्याला आयसीयूत ऊब, रक्त, प्लाझ्मा द्यायचे आणि साधारण एक ते तीन दिवसांत पुन्हा आत जायचे. याला 'डॅमेज कंट्रोल' म्हणतात. शब्द नौदलाचा: जहाजाला भोक पडले की आधी ते बुजवा, बंदर गाठा, डागडुजी नंतर. पोट उघडे ठेवतात तेही याचसाठी. सुजलेली आतडी कोंबून शिवली, तर आतल्या दाबाने मूत्रपिंडे बंद पडतात, श्वास कोंडतो.

एवढे करूनही सगळे वाचत नाहीत, हे लपवण्यात अर्थ नाही.

चूक आम्हा डॉक्टरांचीही आहे. ऑपरेशन थिएटरबाहेर येऊन दोन मिनिटे हे समजावले, तर निम्मा संशय तिथेच मिटेल. सही घेऊन निघून जाणाऱ्या डॉक्टरवर लोकांनी विश्वास का ठेवावा?

(आणि गंमत बघा, रक्तदाब स्थिर असेल तर यकृताच्या पुष्कळ जखमा ऑपरेशनशिवाय बऱ्या होतात. तिथे नेमकी उलटी तक्रार: "अजून ऑपरेशन का करत नाहीत?")

तुम्ही दाराशी भांडण्याऐवजी रक्तदाते गोळा करा. आणि सर्जनना जरूर विचारा: पॅड किती ठेवलेत, ती संख्या केसपेपरवर लिहिली आहे का, आणि काढणार कधी?