सात घरांपैकी एक घर

मांजरी आपली पिल्ले सात घरे फिरवते, असे आपल्याकडे जुनी माणसे सांगतात. गोठ्यातल्या कडब्यात वीण झाली की आठवड्याभरात ती माळ्यावर येते, तिथून शेजारच्या पडवीतल्या पोत्यांमागे, तिथून आणखी कुठे. पिल्लाची मानगूट अलगद दातांत धरून चाललेली ही बिऱ्हाडाची हलवाहलव निव्वळ खोड नव्हे. बोक्याची, कुत्र्याची, माणसाची चाहूल लागली की जागा बदलायची, हे तिचे शहाणपण आहे. प्रश्न येतो तो तिसऱ्या किंवा चौथ्या घराच्या वाटेवर आई गाडीखाली सापडते तेव्हा, किंवा पिल्लूच पायाने अधू निघते तेव्हा. उरलेली घरे त्याला कोणी दाखवायची?

मुंबई-पुण्यात या प्रश्नाला एक उत्तर रुळले आहे. प्राण्यांच्या संस्थांनी सोडवून आणलेले मांजर काही आठवडे वा काही महिने एखाद्या कुटुंबाने घरी सांभाळायचे आणि धीट झाले, बरे झाले की कायमच्या घरी द्यायचे. त्याला ‘फॉस्टर’ करणे म्हणतात. शब्द नवा असला तरी त्यामागची भावना नवी नाही. मुंबईचे पांजरापोळ 1834 सालचे, प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारी तिथली संस्था 1874 सालची, आणि परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय त्यानंतरच्या दशकातले. पण संस्था कितीही मोठी असली तरी पिंजऱ्यांच्या रांगेत एक गोष्ट मिळत नाही, ती म्हणजे निवांतपणा. भुंकण्याचे आवाज, औषधांचा वास, दर तासाला नवा चेहरा. अशा ठिकाणी लाजाळू मांजर कोपऱ्यात दडून बसते. मांजर न्यायला आलेली मंडळी साहजिकच पुढे येऊन पाय घासणाऱ्या पिल्लाला उचलतात. दडलेले तिथेच राहते, आणि राहील तितके अधिकच दडते.

उमरखेड तालुक्यातल्या ढाणकीसारख्या गावात मांजरांसाठी वेगळे निवारा केंद्र असावे, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. पण म्हणूनच इथे घराचे मोल अधिक आहे. धान्याच्या कोठीवर, किराण्याच्या दुकानात मांजर सगळ्यांना हवे असते. नको असते ते तिचे बाळंतपण. मग पिल्ले पोत्यात भरून नाल्यापलीकडे किंवा बाजाराच्या कडेला सोडली जातात. ‘जगतील आपली आपण’ असे म्हणून आपण मोकळे होतो. डोळे चिकटलेली, दूध न सुटलेली पिल्ले आपली आपण जगत नाहीत. उपाशी ठेवून किंवा तहानेने तडफडेल अशा स्थितीत जनावर टाकून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हेही सहसा कोणाच्या गावी नसते.

घर हेच निवारा होऊ शकते, याचा सर्वांत मोठा दाखला विदर्भातच आहे. हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पात डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी अनाथ वन्यप्राणी सांभाळायला सुरुवात केली, ती शिकारीत आई गमावलेल्या एका माकडाच्या पिल्लापासून. बिबटे आणि अस्वले पुढे आली. तेवढे कोणी आपल्याकडून मागत नाही. इथे प्रश्न एका मांजराचा आणि एका खोलीचा आहे.

मांजर भित्रे का होते, हे आधी समजून घ्यावे. पिल्लू साधारण दोन ते सात आठवड्यांचे असताना त्याच्या मनात जगाची ओळख ठरत असते. त्या काळात प्रेमळ हात लागले तर माणूस ‘आपला’ ठरतो, आणि ते हात लागले नाहीत किंवा काठीच वाट्याला आली तर तो शत्रू ठरतो. म्हणजे भित्रे मांजर कृतघ्नही नसते आणि माजलेलेही नसते. त्याला माणूस नावाची गोष्ट उशिरा शिकावी लागते, इतकेच.

ही शिकवणी सोपी आहे, फक्त घाई चालत नाही. सुरुवातीला सगळे घर न देता एकच खोली द्यावी. एका कोपऱ्यात रेतीचे घमेले, दुसऱ्या कोपऱ्यात पाणी आणि अन्न, आणि लपायला पुठ्ठ्याचे एक साधे खोके. नेदरलँड्समध्ये 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की निवाऱ्यात नव्याने आलेल्या ज्या मांजरांना लपायला खोके मिळाले, त्यांचा ताण इतरांपेक्षा लवकर उतरला. तेव्हा खोक्यातून ओढून काढून लाड करू नयेत. खोलीत जमिनीवर बसावे, पेपर वाचावा, मुलांनी पाढे म्हणावेत. नजर रोखू नये. डोळे सावकाश मिटावेत आणि सावकाश उघडावेत. इंग्लंडमधल्या संशोधकांनी 2020 साली दाखवून दिले, की अशा हळुवार डोळेमिटीला मांजर तसाच प्रतिसाद देते आणि तसे करणाऱ्या अनोळखी माणसाकडेही जाते. डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजरीची म्हण आपण लबाडीसाठी वापरतो. तिच्या भाषेत मिटलेले डोळे म्हणजे विश्वास.

अधू मांजरांचे गणित आणखी वेगळे. तीन पायांचे मांजर काही आठवड्यांत भिंत चढू लागते. आंधळे मांजर वासाने आणि मिशांनी घर पाठ करते. त्याची वाटी आणि घमेले मात्र जागचे हलवू नये. दोन्ही डोळे निळे असलेले पांढरे मांजर पुष्कळदा बहिरे असते, त्याला रस्त्यावर सोडता येत नाही. काही पिल्ले जन्मतःच झोकांड्या खात चालतात. आईला गाभणपणी एका विषाणूची लागण झाली की पिल्लाच्या लहान मेंदूची वाढ खुंटते, त्याचा हा परिणाम. त्यात वेदना नसते, तो वाढत नाही आणि दुसऱ्याला लागतही नाही. ज्याला आपण ‘बिचारे’ म्हणतो, त्याला स्वतःच्या बिचारेपणाची खबरही नसते.

अडचणी आहेतच. मांजर पक्के मांसाहारी. टॉरिन हे द्रव्य त्याला मांस-मासळीतूनच मिळते. ते न मिळाल्यास डोळे आणि हृदय निकामी होतात. नुसत्या दूधपोळीवर त्याला वाढवणे म्हणजे प्रेमाने उपाशी ठेवणे. ज्या घरात मांसाहार चालत नाही त्यांनी तयार खाद्य आणावे किंवा ही जबाबदारी घेऊ नये. त्यात कमीपणा नाही. माणसांची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला विष आहे. अर्धीसुद्धा देऊ नये. मोठ्या मांजराने एक-दोन दिवस अन्नाला तोंड लावले नाही तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. रेबीजची लस टोचून घ्यावी. चावले, ओरबाडले तर जखम पंधरा मिनिटे साबणाच्या पाण्याने धुऊन सरकारी दवाखान्यात जावे. आणि मांजर द्यायच्या आधी, वय झाले असेल तर, त्याची नसबंदी करावी. मांजरीचे गाभणपण जेमतेम नऊ आठवड्यांचे असते. एका पिल्लाला वाचवून पुढच्या दहांना पोत्याची वाट मोकळी ठेवण्यात कसली भूतदया?

आणखी एक अडचण कोणी बोलून दाखवत नाही. हौस मुलांची, परवानगी वडिलांची आणि घमेले साफ करायचे आईने, असे होत असेल तर मांजर आणूच नये. कामाची वाटणी आधी, मांजर नंतर. आणि निरोपाचे काय? महिनाभर जीव लावलेले मांजर दुसऱ्याच्या घरी जाताना मुले रडणार. रडू द्यावे. आपल्याला आवडते ते आपल्याजवळच राहिले पाहिजे असे नाही, ते सुखात राहिले पाहिजे, हा धडा शाळेत कोणत्याच इयत्तेला नाही. मुली सासरी धाडणाऱ्या आपल्या समाजाला तो शिकवायला परकी उदाहरणे नकोत.

राज्यघटनेत 1976 साली मूलभूत कर्तव्ये आली, त्यात प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हेही एक. कर्तव्य म्हटले की ते कोणीतरी दुसऱ्याने, बहुधा सरकारने करायचे, अशी आपली सवय. पण एक रिकामी खोली, एक खोके, एक घमेले आणि थोडा धीर यांसाठी कोणत्याही योजनेची वाट पाहावी लागत नाही. सातही घरे आपण द्यावीत, असे कोणी म्हणत नाही. ज्या पिल्लाची आई वाटेत गेली, त्याचे पुढचे एक घर आपले असले, तरी त्याची वाट तिथे तुटत नाही.