अंतर किलोमीटरमध्ये नव्हे, मिनिटांत मोजा

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी हा बेटांचा समूह आहे. तिथल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांच्या विमानतळांमधले अंतर आहे जेमतेम २.७ किलोमीटर. वेळापत्रकात या उड्डाणाला दोन मिनिटे धरलेली असतात. वारा अनुकूल असेल तर विमान मिनिटाच्या आतही उतरते. जगातले सर्वांत छोटे नियमित विमान उड्डाण म्हणून ते ओळखले जाते आणि १९६७ पासून सुरू आहे.

ऐकून हसू येते. २.७ किलोमीटरसाठी विमान? पण मधे समुद्र आहे. पापा वेस्ट्रेवर २०११ च्या जनगणनेत अवघी ९० माणसे होती. शिक्षक, डॉक्टर, तपासणीला निघालेले रुग्ण याच आठ-नऊ आसनी विमानाने ये-जा करतात. मोठे रुग्णालय कर्कवॉल या गावी आहे आणि विमान तिथपर्यंत जाते. तिकिटांच्या पैशांवर अशी सेवा चालणे कठीण, म्हणून ऑर्कनीची स्थानिक परिषद सार्वजनिक निधीतून तिला आधार देते.

आमचे म्हणणे इथूनच सुरू होते. तिथे माणसे किती आणि अंतर किती, एवढ्यावर हिशोब थांबला नाही. माणूस दवाखान्यात पोहोचणार कसा, हा प्रश्न विचारला गेला.

आपल्या वस्त्यांना मात्र नेहमी एकच उत्तर मिळते, "सरकारी दवाखाना तुमच्यापासून दोन किलोमीटरवर तर आहे!" नकाशावर ते खरेच आहे. पण गल्लीत रुग्णवाहिका शिरत नाही. घरांना नीट क्रमांक नाहीत, त्यामुळे चालक नाक्यावर पत्ता विचारत थांबतो. रुग्णाला खुर्चीत बसवून चौघे मुख्य रस्त्यापर्यंत आणतात. पुढे वाहनांची कोंडी. आपल्यासाठी हे दोन किलोमीटर म्हणजेच समुद्र.

आजार किलोमीटर मोजत नाही. पक्षाघाताचा झटका आल्यास रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, तेही आधी मेंदूचा सीटी स्कॅन करून. म्हणजे सर्वांत जवळचा दवाखाना नव्हे, तर सीटी स्कॅन आणि उपचाराची सोय असलेले रुग्णालय महत्त्वाचे. छातीत कळ आली, साप चावला, बाळंतपणात रक्तस्राव सुरू झाला, तर एकेक मिनिट मोलाचे.

म्हणून प्रत्येक वस्तीने आपला वेळ स्वतः मोजावा, असे आम्हांला वाटते. घरापासून गाडीपर्यंत किती मिनिटे? रुग्णवाहिका नेमकी कुठपर्यंत येते? रात्री दोन वाजता सीटी स्कॅन कोणत्या रुग्णालयात चालू असतो? ही उत्तरे आणि १०८ हा मोफत रुग्णवाहिकेचा क्रमांक विहाराच्या फलकावर ठळक लिहा. एक स्ट्रेचर विहारात ठेवा. फोन करणाऱ्याने पत्त्यासोबत ओळखीची खूण सांगावी आणि एका तरुणाने नाक्यावर जाऊन उभे राहावे.

एवढे आपण करू. पण गल्ली मोकळी ठेवणे, घरांना क्रमांक देणे, जवळच्या रुग्णालयात रात्रीही तपासणीची सोय करणे हे नगरपालिकेचे आणि शासनाचे काम आहे. मोजलेली मिनिटे कागदावर लिहून नगरसेवकाकडे आणि आरोग्य अधिकाऱ्याकडे द्या, पोच घ्या. नव्वद माणसांच्या बेटासाठी विमान उडू शकते, तर हजारोंच्या वस्तीत रुग्णवाहिका दारापर्यंत का येऊ नये?