हदगावची हर्षद संख्या

हदगावचा पिनकोड ४३१७१२. पत्त्याच्या शेवटी तो लिहिला की आपलं काम संपतं. पण त्याच्यातले अंक मिळवून पाहा. बेरीज येते १८. आता ४३१७१२ला १८ने भागा. भागाकार २३९८४, बाकी शून्य. आपल्याच अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जाणारी अशी संख्या म्हणजे हर्षद संख्या. नांदेडचा ४३१६०१ हर्षद नाही. लातूरचा ४१३५१२ही नाही. तिथे बेरीज १६ येते आणि भागल्यावर ८ उरतात.

हे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी दिलेलं. जन्म डहाणूचा, १९०५चा. १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठात खुर्ची नाही. १९७५मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे जगाला ते ठाऊक झाले. पिनकोडही मराठी माणसाचाच, श्रीराम भिकाजी वेलणकरांचा; १५ ऑगस्ट १९७२पासून तो लागू झाला.

१७१२ हे शेवटचे चार अंक घ्या. उतरत्या क्रमाने ७२११, चढत्या क्रमाने ११२७, वजाबाकी ६०८४. तिचंही तसंच करा: ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या खेपेला ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४च. चारही अंक सारखे नसले की कुठलीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत इथेच येते. हाच कापरेकर स्थिरांक.

हा सगळा दशमान लेखनाचा खेळ, असा आक्षेप घेतला जातो. तो खरा आहे. ४३१७१२चे मूळ अवयव म्हणजे पाच वेळा २, दोन वेळा ३ आणि एकदा १४९९. संख्या कशीही लिहिली तरी ते बदलत नाहीत. हर्षदपण मात्र लिहिण्याच्या पद्धतीवर ठरतं. माझं म्हणणं असं, की हा फरक सातवीच्या वर्गातच मुलांना दाखवावा. आपल्याकडे संख्या मुलांपुढे येते तीच प्रश्न चिकटवून, उत्तर पुस्तकाच्या शेवटी छापून. आठवड्यातून एक तास तरी बिनमार्कांचा असावा आणि त्यात आपल्या गावचा पिनकोड तपासावा.

कापरेकरांचाच आणखी एक प्रश्न तिथे देता येईल. कुठल्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली तर ४३१७१२ येईल? जिला असा जनकच नसतो ती संख्या स्वयंभू. हदगावच्या संख्येला ९ने भाग जातो, म्हणून जनकालाही जायलाच हवा. सहा अंकांची बेरीज ५४च्या वर जात नाही. तेव्हा ९, १८, २७, ३६, ४५ आणि ५४ एकेकदा वजा करून सहाच संख्या तपासायच्या. त्यातली तिसरी ४३१६८५. तिच्या अंकांची बेरीज २७, आणि ती मिळवली की ४३१७१२. उरलेल्या पाच का जमत नाहीत, ते मुलांनाच फळ्यावर करू द्यावं.